पाच हजारांत ॲकूस्टिक गिटार : कुठली घ्यावी, आणि बोटं शाबूत राहतील का?

पिंपळपार

नमस्कार मंडळी.

वय एक्केचाळीस, मुक्काम चिंचवड, नोकरी बँकेत. संगीतातली गती एवढीच, की गाण्याच्या भेंड्यांत मला शेवटचं अक्षर लक्षात ठेवायच्या कामावर बसवतात. तरी गिटार शिकायचं फार दिवसांपासून डोक्यात आहे. कार्यक्रमबिर्यक्रम करायचा नाही. घरात बसून चार जुनी गाणी वाजवता आली, कुणी गायलं तर साथ करता आली, बास.

बजेट पाच हजार, फारच पटलं तर सहा. पिशवीबिशवी सगळं त्यातच. ऑनलाइन तीन-साडेतीन हजारांत अख्खं किट मिळतं : गिटार, पिशवी, पट्टा, पिकं (तारा छेडायच्या चकत्या), जास्तीच्या तारा. मेहुणा म्हणतो, "भावोजी, यामाहा एफ ३१०च्या खाली उतरू नका, नाहीतर महिन्यात कपाटावर जाईल." ती दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे पडते. तिसरी सोय फुकट आहे. काकांच्या माळ्यावर त्यांची तरुणपणीची गिटार निघाली. लाकूड ठणठणीत, पण तारा इतक्या उंच की खालून पेन्सिल सरकते. दाबून बघितलं तर बोटाला खाच पडली, आवाज काही आला नाही.

क्लास लावावा की यूट्यूबवर भागेल? बोटं किती दिवस दुखतात? 'या वयात कशाला' हे घरी विचारून झालंय, इथे नको.

लोकल_१०_१२

या वयात कशाला?

(राहवलं नाही. वाचतोय.)

चिंचगुळी

ते किट माझ्याकडे आहे म्हणून लिहिते. कंपनीचं नाव राहू दे. ३८ इंची, लिंडेनवुडची, चकचकीत काळी. सोबतची पिशवी म्हणजे रेनकोटच्या कापडाची खोळ. जास्तीच्या तारांतली पहिली चढवतानाच तुटली. पण गिटार वाईट नव्हती हो! वाईट होतं ते सेटिंग. बाराव्या फ्रेटपाशी (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) तारा आकाशात. सी कॉर्ड (एकदम वाजवायचे काही सूर) धरला की निम्म्या तारा मुक्या.

शेवटी इथे नाशकात एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी खालच्या बाजूचं, तारा टेकतात ते पांढरं सॅडल उपसून काढलं, घासलं, परत बसवलं आणि बारीक तारांचा सेट चढवला. तारांसकट हजाराच्या आत काम झालं. त्याच संध्याकाळी सी वाजला, सगळ्या तारांसकट.

किट खुशाल घ्या, पण हजार रुपये या कामाला आधीच बाजूला काढून ठेवा.

सुरेल_शनिवार

मेहुण्याला अनुमोदन. एफ ३१० विकायला काढलीत तर आठवड्यात गिऱ्हाईक मिळतं. तीन हजारांची काळी चकचकीत कुणाला विकणार? म्हणजे खरा खर्च खरेदी वजा विक्री एवढाच धरायचा. त्या हिशेबात यामाहाच स्वस्त पडते. शिवाय खुंट्या घसरत नाहीत, हे नवशिक्याला फार मोठं. सारखी बेसूर होणारी गिटार घेऊन बसलं की चूक आपली का तिची हेच कळत नाही.

सहाच हजार असतील तर जुनी बघा. पुण्यात मे-जूनमध्ये शेवटच्या वर्षाची पोरं खोल्या रिकाम्या करतात, तेव्हा गाद्या, कूलर आणि गिटारी एकदमच निघतात.

लोकल_१०_१२

>>शेवटच्या वर्षाची पोरं खोल्या रिकाम्या करतात

नोकरी लागली की ते विकतात, आणि नोकरीत वीस वर्षं झाली की आपण घेतो. गिटार तीच.

खुंटीपिळ

जरा सविस्तर लिहितो. या विषयात ब्रँडवर भरपूर शाई सांडते, मिलिमीटरवर कुणी बोलत नाही.

तार आणि फ्रेट यांच्यातल्या अंतराला ॲक्शन म्हणतात. बाराव्या फ्रेटवर मोजायची. सगळ्यात जाड तारेखाली अडीच मिलिमीटर, सगळ्यात बारीक तारेखाली दोनच्या आसपास, म्हणजे शिकणाऱ्याला सुखाची. चारच्या वर गेली की माणूस गिटार सोडतो आणि दोष स्वतःला देतो. दुकानात मोजपट्टी नेऊ नका, लाज वाटते. एटीएम कार्ड न्या. ते पाऊण मिलिमीटर जाड असतं, सगळ्या बँकांचं सारखंच. तीन कार्डं एकावर एक ठेवून बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सरकवा. (उठावदार आकड्यांचं जुनं कार्ड नको, सपाट हवं.) जेमतेम गेली तर उत्तम. चार गेली तर घासकाम आहे. पाच आरामात गेली तर गिटार नमस्कार करून परत ठेवा.

मग वरचा नट, म्हणजे मानेच्या डोक्याकडच्या टोकाला तारांखालची खाचांची पट्टी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे केसभर फट हवी. जास्त दिसली तर एफ कॉर्ड जन्मात वाजणार नाही, यामाहा असो नाहीतर आणखी कुणी. स्वस्त गिटारींचा खरा छळ बहुतेक इथेच असतो आणि लोक सॅडल घासत बसतात.

सॅडलचं गणित : बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं. खालच्या अंगाने घासायचं, वरच्या नाही. पॉलिशपेपर टेबलावर सपाट ठेवून सॅडल त्यावर फिरवा, पेपर हातात धरून नको. थोडं घासा, बसवा, मोजा. घासलेलं परत चिकटवता येत नाही.

जुनी घेताना ब्रिजच्या (सॅडल ज्यात बसतं तो गिटारीच्या अंगावरचा लाकडी तुकडा) मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. आत गेला तर ब्रिज उचलायला लागलाय. मोकळी तार ट्यूनरवर लावा, मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. तोच स्वर यायला हवा. काटा बराच सरकला तर पुढे प्रत्येक कॉर्ड थोडा थोडा बेसूर लागणार. मान वाकलेली असेल तर ट्रस रॉडने (मानेच्या आतली लोखंडी सळई) सरळ होते, पण अगदी स्वस्त गिटारींत तो रॉडच नसतो. असला तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

तारा .०१० चा सेट (आकडा सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचा, इंचात). .०१२ चा आवाज भरीव, पण तो नंतर. आधी बोटं जगू देत.

चिंचगुळी

खुंटीपिळ, वाचनखूण साठवली. त्या काकांनी नटसुद्धा घासला होता, तेव्हा कळलं नव्हतं कशाला.

पिंपळपार

काल काकांच्या गिटारीला कार्डं लावली. माझी दोन, बायकोचं एक, मेट्रोचं, आधारचं, सोसायटीच्या गेटचं... आठ गेली तरी जागा शिल्लक. मग घरातली कार्डं संपली.

आणखी एक. वरच्या टोकाला नटावर लोखंडाची एक खाचाखाचांची टोपी बसवलेली आहे, तारा तिच्यावरून जातात. ओढली तर हलते. पिशवीत एक गुळगुळीत, जड स्टीलचा दांडा निघाला, बोटाएवढा. कुठला सुटा भाग असावा? काकांना विचारलं, पण त्यांना आता कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "हो हो, वाजव."

आजोबा_ऑनलाइन

अहो पिंपळपार, ती गिटार बिघडलेली नाही, ती हवाईयन आहे!

मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. डाव्या हातात तो दांडा, तो तारांवरून सरकवायचा. तारा लाकडाला टेकवायच्याच नसतात, म्हणून त्या लोखंडी टोपीने उंच केलेल्या. उजव्या हाताच्या बोटांत पिकं घालायची. आमच्या तरुणपणी 'मुलगा गिटार शिकतो' म्हटलं की पुष्कळ घरांत हीच असे. उभी धरून कॉर्ड वाजवायची ती 'स्पॅनिश', आणि ती हॉटेलात वाजवायची असा थोरांचा समज.

हिच्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता सरकणं) येते, त्यामुळे आपल्या गाण्याला ती चटकन जवळची झाली. व्हॅन शिपले यांच्या सिनेमातल्या धुनांच्या रेकॉर्डी घरोघर होत्या. पं. ब्रिजभूषण काब्रा हे अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, त्यांनी हिच्यावर राग मांडून दाखवले. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा त्याच घराण्यातली म्हणा. बंगालात तर हिचं विलक्षण वेड होतं. हवाई बेटांकडचे ताऊ मो नावाचे वादक १९४०च्या दशकात कोलकात्यात राहून होते, त्यांच्याकडे पाहून किती जण शिकले.

टोपी काढलीत की साधी गिटार होईल. पण दांडा टाकू नका.

लोकल_१०_१२

म्हणजे पिंपळपार आठ कार्डं घालून मोजत होते ते वाद्य तारा दाबायचंच नव्हतं. धागा सार्थकी लागला.

खुंटीपिळ

आजोबा, साष्टांग. वर्णनावरून पकडलंत.

पिंपळपार, टोपी काढून परत मोजा. आणि एक धोक्याची सूचना, इतरांसाठीही. जुन्या गिटारीचं डोकं खिडक्या पाडलेलं असेल आणि तारा ब्रिजला गाठ मारून बांधलेल्या असतील, तर ती नायलॉनची क्लासिकल. तिला स्टीलच्या तारा चढवू नका. .०१२ च्या सेटची एकूण ओढ सत्तर किलोच्या वर जाते, नायलॉनची त्याहून बरीच कमी. एका रात्रीत काही होत नाही, पण पोट फुगतं आणि एक दिवस ब्रिज सुटून येतो.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे 'कुठली घेऊ' हा प्रश्न सहसा पडत नाही, घरात एक असतेच. मांडो (आमचं कोंकणी गाणं) रंगला की व्हायोलिन, घुमट (मातीचं तालवाद्य) आणि कोपऱ्यात कुणाचा तरी मामा गिटार घेऊन. शिकवणीही तशीच होते. शेजारचा दोन कॉर्ड दाखवतो, तिसरा पुढच्या रविवारी. पद्धतशीर शिकायचं तर पणजीला कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात.

दुकान म्हणाल तर मुंबईत धोबी तलावचं फुर्ताडोज १८६५ पासूनचं, गोव्यातही आहेत. विकत ऑनलाइनच घेणार असाल तरी आधी अशा मोठ्या दुकानात जाऊन पाच-सहा गिटारी मांडीवर घेऊन बघा. अंगाचा आकार लहान-मोठा असतो, काखेत बसली पाहिजे.

खारी हवा आणि घामट बोटं यांनी तारा गंजतात. वाजवून झालं की सुक्या फडक्याने एकेक तार खालून-वरून पुसायची. एवढ्यानं तारांचं आयुष्य चांगलं वाढतं.

वऱ्हाडी_ठेचा

तुमच्याकडं गंज, आमच्या अकोल्यात भट्टी. मे महिन्यात ४५ डिग्री, हवेत पाण्याचा थेंब नाही. लाकूड आकसते अन् फ्रेटची टोकं बाजूनं बाहेर येतात, मान धरली की तळहात खरवडते. गिटार कूलरपुढं ठेवा असं कोणी सांगितलं तं ऐकू नका, एका अंगानं भिजते, दुसऱ्या अंगानं भाजते. साबणाच्या डबीला भोकं पाडा, आत ओला करून पिळलेला स्पंज घाला, अन् डबी पिशवीत गिटारीजवळ ठेवा. पावसाळ्यात स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या. कारमधे तं ठेवूच नका, सरस सुटतो.

रात्री तारा ढिल्या करून ठेवाव्या का? आमचे सर तसंच सांगत.

खुंटीपिळ

नको. मान त्या ओढीला धरूनच बनवलेली असते. रोज सोडा-आवळा केलं तर तारा लवकर जातात, आणि नवशिक्याचा निम्मा वेळ सूर लावण्यात. महिनोन्‌महिने वाजवणार नसाल किंवा बसच्या डिकीतून पाठवायची असेल तेव्हा दोन-तीन फेरे सैल करा.

वऱ्हाडी_ठेचा

सरांची गिटार चाळीस वर्षं टिकली ना पण.

खुंटीपिळ

सरांची टिकली. मी स्वस्त गिटारींच्या खुंट्यांबद्दल बोलतोय, त्या रोजच्या पिळण्याने आधी जातात. राहू दे, यावर जगात एकमत नाही.

मिरजमळा

दुरुस्तीला माणूस मिळत नसेल तर आमच्या मिरजेच्या बाजूच्या लोकांनी सतारमेकर गल्लीत विचारावं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. तंबोऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा नाद) काढणारा माणूस घोडी (तारा टेकतात ती पट्टी) किती घासायची हे कानाने ठरवतो. माझ्या मुलाच्या गिटारीचा नट तिथेच एका कारागिरांनी नीट केला. आधी म्हणाले, "हे आमचं काम नव्हे." मग तार दाबून बघितली आणि कानस हातात घेतलीच.

आठवा_सूर

सगळे लाकडाबद्दल बोलताहेत, थोडं स्वराबद्दल. मी पेटीवाला, गिटार नंतर आली. फोनवरचं गिटारट्यूना हे सूर लावायचं ॲप फुकटात काम भागवतं, पण घरात पेटी असेल तर तिच्यावर सूर लावून बघा, कान तयार होतो. सहा तारा जाडपासून बारीकपर्यंत : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, आणि परत पांढरी तीन. पहिली आणि शेवटची यांत दोन सप्तकांचं अंतर आहे, ते सांभाळा. बारीक तार भलत्या सप्तकात पिळत गेलात तर फट्कन तुटते आणि डोळ्यापाशी येते.

आता पिंपळपार यांना साथ करायची आहे ना? मग घरातले गाणारे 'काळी एक' म्हणतात तेव्हा काय करायचं ते लिहून ठेवा. काळी एक म्हणजे सी शार्प. उघड्या कॉर्डांत तो सापडत नाही. कापो नावाचा चिमटा घ्या, दोन-तीनशे रुपयांत येतो. पहिल्या फ्रेटवर लावून सीचे आकार धरले की काळी एक. पण सीच्या कुटुंबात एफ येतो, आणि एफ म्हणजे नवशिक्याचा पाणउतारा. म्हणून कापो चौथ्या फ्रेटवर आणि आकार ए, डी, ई. सूर तोच, एफ गायब. बायकांचा काळी चार असेल तर पहिल्या फ्रेटवर कापो आणि जी, सी, डी. पांढरी चारला तिसऱ्या फ्रेटवर कापो आणि डी, जी, ए. अर्धी घरगुती मैफल एवढ्यात निभते.

पिंपळपार

आठवा_सूर, हे छापून भिंतीवर लावतोय. आमची ही काळी चारमध्येच गाते, असं आत्ता पेटीवर शोधून काढलं. लग्नाला चौदा वर्षं झाली.

लोकल_१०_१२

इतकी वर्षं कुठल्या पट्टीत बोलतात तेही बघून ठेवा.

उंबरातली_माशी

विषयाला थोडं सोडून. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिलाही बाबांबरोबर गिटार हवी. पूर्ण आकाराची झेपेल का?

चिंचगुळी

नाही झेपणार, खांद्यातून हात वर काढावा लागतो. पाऊण आकाराची मिळते. नाहीतर युकुलेले. चारच तारा, नायलॉनच्या, बोटं दुखत नाहीत, दोन-तीन हजारांत बरी येते. सी कॉर्डला एकच बोट लागतं! माझ्या भाचीने पहिल्याच दुपारी गाणं वाजवलं आणि मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही.

सुरेल_शनिवार

युकुलेलेची बोटं गिटारीवर तशीच्या तशी चालत नाहीत. गिटारच शिकायची असेल तर पाऊण आकाराची नायलॉन घ्या. पुढे लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा द्यायच्या म्हणाली तर तिथेही क्लासिकल गिटार चालते.

हिमवाट

टोरोंटोहून. इथल्या पब्लिक लायब्ररीच्या काही शाखांत पुस्तकांसारखी वाद्यंही कार्डावर घरी न्यायला मिळतात, गिटारसुद्धा. मी तशीच सुरुवात केली, एक पैसा न खर्चता. थंडीत हीटर चालू असला की घरातली हवा अकोल्याच्या मे महिन्यापेक्षा कोरडी, तेव्हा ठेचाभाऊंची साबणाची डबी इकडेही चालते.

शिकण्याबाबत : जस्टिन सँडरको या ऑस्ट्रेलियन शिक्षकाचा कोर्स इंटरनेटवर फुकट आहे. त्यातली एक कसरत मला फार लागू पडली. मिनिटाचं घड्याळ लावायचं, दोनच कॉर्ड घ्यायचे, आणि मिनिटभरात किती वेळा अदलाबदल होते ते मोजायचं. आवाज घाणेरडा आला तरी थांबायचं नाही. आकडा वहीत लिहायचा. पंचवीस-तीसच्या पुढे गेला की गाण्यात घालायचा.

आजोबा_ऑनलाइन

फुकट कोर्स चांगलाच असेल. तरी सुरुवातीचे दोन-तीन महिने समोर माणूस हवा. मनगट वाकडं आहे, अंगठा मानेवरून वर डोकावतोय, खांदा आवळलाय, हे व्हिडिओतला माणूस तुम्हाला सांगत नाही. त्याला तुम्ही दिसतच नाही.

सुरेल_शनिवार

आजोबा, महिन्याला हजार-दीड हजार फी, आणि क्लासात आठ जण. सर प्रत्येकाच्या मनगटाकडे किती वेळ बघणार? त्यापेक्षा आरसा समोर ठेवा किंवा स्वतःचा फोनवर व्हिडिओ घ्या.

मांडवीकाठ

महिन्यातून एकदा एकट्याने अर्धा-पाऊण तास शिकवणारे मिळतात, तसे बघा. महिनाभराच्या चुका एका बैठकीत निघतात.

पिंपळपार

खबर देतो. लोखंडी टोपी काढल्यावर काकांच्या गिटारीखालून चार कार्डं जातात. पण ब्रिजमागे कागद सरळ अर्धा आत गेला. म्हणजे दांडा सरकवायला ठीक, दाबून वाजवायला खर्च आहे.

म्हणून जुनी शोधली. निगडीत एका मुलाकडे एफ ३१० मिळाली, साडेपाच हजार. त्याच्या आईसमोर पलंगावर बसून मी कार्डं काढली तेव्हा तिला वाटलं मी पैसे कार्डाने देतोय. तीन जेमतेम गेली. कागद कुठेच गेला नाही. चौथ्या तारेची खुंटी थोडी सैल आहे, तिथला स्क्रू आवळला. तारा गंजल्या होत्या, .०१० चा सेट टाकला. बजेट सहाच्या थोडं वर गेलं, कापो मेहुण्याकडून उकळला.

आजोबा, हवाईयन तुम्हाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काकू म्हणतात माळा रिकामा होतोय तर भाडंसुद्धा आम्ही देऊ.

आजोबा_ऑनलाइन

व्यनि केला आहे. दांड्यासकट.

पिंपळपार

आता खरी अडचण. बोटं दुखताहेत ते समजलं, टोकं घट्ट व्हायला लागलीत. पण सी वरून जीला जाताना सगळा हात उचलून हवेत जातो आणि तिथे मला विचार करावा लागतो. गाणं तोवर पुढच्या ओळीवर गेलेलं असतं. शिवाय वाजवायला वेळ रात्री दहानंतरच, आणि भिंतीपलीकडे दहावीची मुलगी.

आठवा_सूर

जी आत्ता सोडा. एकमेकांशी बोटं वाटून घेणारे कॉर्ड आधी. ए मायनरवरून सीला जाताना फक्त अनामिका हलते, तर्जनी आणि मधलं बोट जागेवर. ई वरून ए मायनर : अख्खा आकार जसाच्या तसा एक तार खाली. या तिघांतच आठवडाभर फिरा, हात हवेत जायची सवय मोडते. एफ लागला तर एफ मेजर सेव्हन धरा, बारीक तार मोकळी राहते, आडवं बोट लागत नाही. ऐकणाऱ्याला फरक कळला तर तो चहा न घेता जाईल.

मग जी, पण करंगळी वापरून. सुरुवातीला करंगळी रडते. तिला सांभाळून घ्या, पुढे तीच सी गाठायला मोकळी बोटं देते.

खुंटीपिळ

रात्रीसाठी : भांडी घासायचा नवा स्पंज पट्टी कापून ब्रिजला लागून तारांखाली खोचा. आवाज टकटक एवढाच उरतो, बोटांचा सराव पूर्ण होतो. आणि सगळ्यात पातळ पिक. वाजवून झालं की स्पंज काढायला विसरू नका, ओला असेल तर तारा खातो.

लोकल_१०_१२

पिंपळपार, दहावीच्या मुलीच्या आईबाबांना विचारून बघा, त्यांना कदाचित टकटकच जास्त त्रासदायक वाटेल.

नवा_पाहुणा_७

धागा वर काढतोय. मी डावखुरा आहे. सगळे वेगवेगळं सांगतात. डावखुऱ्यांची गिटार घ्यावी, की साधीच उलटी तारा लावून?

सुरेल_शनिवार

या बजेटमध्ये डावखुऱ्यांच्या गिटारी फारच थोड्या मिळतात, आणि मित्राची गिटार हातात घेऊन वाजवायची सोय आयुष्यभर जाते. साधीच घ्या, साधीच धरा. तारा दाबायचं अवघड काम डाव्या हाताकडे जातं, तुम्हाला तर फायदाच.

खुंटीपिळ

इथे पूर्ण सहमत नाही. झाडू, बॅट, ढोलकी जर डाव्या हातानेच आपोआप उचलत असाल तर उजव्या हाताने ताल धरणं काहींना कधीच सुखाचं होत नाही. दुकानात दोन्ही बाजूंनी धरून नुसता ताल मारून बघा, पाच मिनिटांत कळतं. मात्र साध्या गिटारीवर नुसत्या तारा उलट्या करू नका. नटाच्या खाचा जाड-बारीक तारांच्या मापाने कापलेल्या असतात, आणि सॅडल तिरकं बसवलेलं असतं. उलटं केलं की बाराव्या फ्रेटपाशी बेसूर. नट बदलावा लागेल, सॅडलचंही काम निघेल.

चिंचगुळी

माझी मैत्रीण डावखुरी आहे, साधीच वाजवते, मजेत आहे. पण तिने सुरुवातीलाच ठरवून टाकलं आणि मग फिरून बघितलं नाही. तुम्ही कुठे राहता ते लिहा, जवळचं दुकान कुणीतरी सांगेल.

नवा_पाहुणा_७

कोल्हापूर. बॅट डाव्या हाताने, जेवण उजव्या.

मिरजमळा

मग मिरज तासाभरावर आहे. या एखाद्या रविवारी, दोन्ही बाजूंनी धरून बघू. माझ्या मुलाची गिटार आहेच. येताना एटीएम कार्डं आणा.